खोदण्याआधी नकाशा: जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षांना खंडाळ्याहून खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष,
जिल्हा नियोजन समिती, सातारा.



आमच्या खंडाळा तालुक्यात गेली काही वर्षे कुठल्याही दिशेने निघा, जमीन उकरलेली दिसते. खंबाटकीच्या डोंगरात नवे बोगदे, महामार्गाच्या कडेने सेवा रस्ते, लोणंदवरून जाणाऱ्या पालखी मार्गाचे रुंदीकरण, पुणे-मिरज लोहमार्गाचे दुहेरीकरण, शिरवळ आणि केसुर्डीकडच्या औद्योगिक वसाहतींचे रस्ते, शिवाय गावोगाव जलजीवनच्या चाऱ्या आणि मोबाइल कंपन्यांच्या केबल. ही सगळी कामे आम्हाला हवी आहेत. ज्या तालुक्याचा पूर्व भाग पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसला, त्याला रस्ता, कारखाना आणि नळ यांचे मोल सांगावे लागत नाही. माझे गाऱ्हाणे खोदण्याबद्दल नाही. जिथे खोदायचे तिथे खाली काय पुरलेले आहे, हे खोदणाऱ्याला, खोदाईची परवानगी देणाऱ्याला आणि पुष्कळदा त्या नळीच्या मालकालाही ठाऊक नसते. हे पत्र त्याबद्दल आहे.

ते आपल्यालाच लिहिण्याचे कारण सांगते. रस्त्याचे काम बांधकाम विभागाचे, पाण्याचे काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचे किंवा जीवन प्राधिकरणाचे, गटाराचे काम ग्रामपंचायतीचे नाहीतर नगरपंचायतीचे. या फायली एका टेबलावर येतात अशी जागा जिल्ह्यात एकच आहे आणि ती आपल्या अध्यक्षतेखाली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला घटनेत स्थान दिले ते गावे आणि शहरे यांचे नियोजन एकत्र व्हावे म्हणून. जमिनीखालच्या नळ्यांइतका एकत्र विचार मागणारा दुसरा विषय मला तरी दिसत नाही.

नळी फुटते तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला ते किरकोळ वाटते. पाणी रस्त्यावर येते, कोणीतरी फोन करतो, व्हॉल्व्ह बंद होतो, प्लंबर जोड घालतो. तालुक्यातल्याच एका गावात माझ्या नात्यातल्या घरासमोर केबलसाठी चर घेताना असे झाले. जेसीबीच्या दाताने पीव्हीसीची नळी चिरली. मुकादमाने वर माती लोटली आणि टोळी पुढच्या चौकात गेली. चिरलेल्या जागी पाणी मुरत राहिले. आळीच्या टोकाच्या घरांना पाणी चढेना, तेव्हा कुठे शोध सुरू झाला. दुरुस्तीचा खर्च पाणीपुरवठा निधीतून झाला, म्हणजे ज्यांचे पाणी तुटले त्यांच्याच पाणीपट्टीतून. केबलवाल्याने रस्ता फोडल्याची भरपाई आधीच भरलेली होती. ती रस्त्याच्या मालकाकडे जमा झाली. नळीच्या मालकाकडे एक रुपया आला नाही, कारण परवानगीच्या कागदावर नळीचा उल्लेखच नव्हता.

हे त्या एका गावापुरते नाही. खोदाईची परवानगी रस्ता ज्याचा त्याच्याकडून मिळते. रस्त्याखाली ज्याची नळी आहे त्याला विचारण्याची सक्ती व्यवहारात कुठे दिसत नाही. महामार्गाच्या मोठ्या कामांत वाहिन्या हलवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला असतो आणि नकाशेही काढले जातात. पण सेवा रस्ता सोडून गावात शिरले की ती शिस्त संपते. आणि पाण्याच्या, गटाराच्या बहुतेक नळ्या गावातच असतात.

मग नळी कुठून जाते हे कोणाला ठाऊक असते? पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला. प्रत्येक गावात असा एक माणूस आहे. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की वरच्या आळीला दाब मिळतो, देवळामागे नळीला कुठे वळण आहे, कुठल्या वर्षी टाकलेली लोखंडी नळी मारुतीच्या पाराखाली तशीच सोडून शेजारून नवी टाकली, शाळेच्या भिंतीखालून गेलेला जोड कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे त्याला पाठ असते. पहाटे चारला उठून तो किल्ली घेऊन निघतो. त्याचा पगार तुटपुंजा, तोही पाणीपट्टी वसूल झाली तर वेळेवर. गावातल्या सर्वांत महागड्या सार्वजनिक मालमत्तेचा एकमेव नकाशा त्याच्या डोक्यात असतो. तो निवृत्त झाला, आजारी पडला, गाव सोडून लेकाकडे पुण्याला गेला, की तो नकाशा त्याच्याबरोबर जातो. त्याच्या जागी आलेला मुलगा पुढची दोन वर्षे फुटलेल्या नळ्यांवरून जाळे शिकतो. हे शिक्षण गावाला फार महाग पडते. हयातभर हे काम केलेली माणसे आज तालुक्यात आहेत. त्यांना मानधन देऊन, बरोबर एक सर्व्हेअर देऊन, गल्लीगल्लीतून चालवत नेले तर काही आठवड्यांत निम्मे जाळे कागदावर येईल. ही माणसे आहेत तोवरच हे होईल.

जुन्या लोकांनी हे भान ठेवले होते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले, तेव्हा वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. अडकलेली हवा बाहेर सोडणे आणि नळाची साफसफाई करता येणे हे त्यांचे काम. पण त्यामुळे आणखी एक गोष्ट साधली. पाणी कुठून चालले आहे हे जमिनीवर उभ्या दगडी खांबांवरून कोणालाही कळत असे. आपल्या शिरवळमध्ये जुन्या वाटेवरच्या प्रवाशांसाठी बांधलेली दगडी पाणपोई आजही पाहायला मिळते. पाण्याची व्यवस्था दिसेल अशी बांधायची, ही रीत या मुलखाला नवी नाही. आपण मात्र लाखो रुपयांची नळी पुरतो आणि वर एक खूणदगडही रोवत नाही.

अध्यक्ष महोदय, हा विषय नुसत्या वाया गेलेल्या पैशाचा असता तर मी इतक्या तळमळीने लिहिले नसते. तो आजाराचा आहे.

आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला दिवसातून तास-दीड तास पाणी येते, कुठे एक दिवसाआड. पाणी चालू असते तेव्हा नळीत दाब असतो आणि गळतीतून पाणी बाहेर पडते. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आतला दाब नाहीसा होतो आणि त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. बाहेर चांगली माती असेल तर गढूळपणावर निभावते. शेजारी गटार असेल, मैल्याची टाकी पाझरत असेल, तर तेच आत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घागरीत ते घरात पोहोचते. शुद्धीकरण केंद्रात कितीही चोख क्लोरिन टाकले तरी वाटेत शिरलेल्या या घाणीपुढे ते अपुरे पडते. पाण्याची नळी आणि गटाराची नळी यांच्यात आडवे तीन मीटर अंतर ठेवावे असे केंद्र सरकारची तांत्रिक नियमपुस्तिका सांगते. आमच्या गावठाणातल्या कित्येक बोळांची रुंदी तेवढी नाही. तिथे दोन्ही नळ्या शेजारीशेजारीच जाणार. म्हणूनच कुठली वर, कुठली खाली, कुठे एकमेकींना ओलांडतात आणि कुठे जोड आहे, हे लिहून ठेवणे तिथे सर्वांत गरजेचे.

याची किंमत आपल्या शेजाऱ्यांनी मोजली आहे. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळले होते. 2014 च्या नोव्हेंबरात मिरजेत गॅस्ट्रोची साथ पसरली, तिथेही गळक्या जलवाहिन्या आणि गटारे यांचीच चर्चा झाली आणि तिथेही बळी गेले. दवाखान्यांसाठी आख्ख्या दक्षिण महाराष्ट्रात नाव असलेले ते शहर. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड, किरकटवाडी, धायरी या महापालिकेत नव्याने आलेल्या भागांत गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढत गेले, संशयितांची संख्या दोनशेच्या घरात गेली आणि तपासाचा रोख दूषित पाण्याकडे वळला. हा भाग आमच्या शिरवळपासून तासाभराच्या अंतरावर आहे. कालपर्यंत तीही गावेच होती. वस्ती झपाट्याने वाढली, इमारती आल्या आणि पाण्याची, मैल्याची व्यवस्था मागे राहिली. शिरवळचे आज नेमके तेच चालले आहे.

शिरवळ नीरेच्या काठावर आहे. औद्योगिक वसाहत आली, कामगार आले, चाळी आणि सदनिका उभ्या राहिल्या. बहुतेक घरांमागे मैल्याची टाकी आहे. टाकीतून वर आलेले पाणी गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. शिरवळच्या खाली नीरा वीर धरणात जाते आणि वीरपासून निघणारे कालवे फलटण, माळशिरस, बारामती, इंदापूरपर्यंत पोहोचतात. म्हणजे आमच्या गटाराचा प्रश्न आमच्यापुरता राहत नाही. सांगलीने हे फार वर्षे भोगले आहे. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते, ते अडवून धुळगावकडे नेण्याची योजना झाली आणि तरीही तो विषय दर उन्हाळ्यात तिथल्या वर्तमानपत्रांत येतो. एकदा नाला नदीत सोडला की तो परत वळवणे किती कठीण जाते, हे सांगलीकडून शिकावे आणि शिरवळला त्या वाटेने जाऊ देऊ नये.

लोणंदची गोष्ट वेगळी आहे. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. त्या काळात गावाच्या कितीतरी पट माणसे तिथे असतात. टँकर येतात, फिरती शौचालये येतात, आरोग्य पथके राबतात, प्रशासन खरोखर झटते. पण ही सगळी व्यवस्था वरवरची, चार दिवसांची. लाखो वारकरी जिथे पाणी पितात तिथल्या नळ्यांचा नकाशा आणि त्यांची गळती-तपासणी वर्षभर आधी व्हायला हवी. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. मार्ग रुंद होत असतानाच त्याच्या कडेला पाण्याची आणि मलनिस्सारणाची स्वतंत्र जागा राखता येते. डांबर पडल्यावर तीच जागा मिळवायला तिप्पट खर्च आणि दहा परवानग्या लागतात.

आता पैशाबद्दल. पैसा नाही, असे मी म्हणणार नाही. पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि दोन तुकड्यांच्या मधला भाग कोणाचाच नसतो.

15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरात माणशी रोज 55 लिटर पाणी देण्याचे ठरवले. मूळ आराखडा 3 लाख 60 हजार कोटींचा. मुदत 2024 ला संपली, पुढे 2028 पर्यंत वाढवण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. दरम्यान राज्यभर ठेकेदारांची बिले थकली आणि अर्धवट चाऱ्या उघड्या राहिल्या. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण एक साधा हिशेब करा. पाच माणसांच्या घरात 275 लिटर पाणी आले, तर त्यातले पाचपैकी चार हिस्से वापरून बाहेर पडतात, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास सांडपाणी. हजार घरांच्या गावात ते रोज सव्वादोन लाख लिटर होते. हे पाणी कुठे जाणार, याचे उत्तर जलजीवनच्या नळीच्या पैशात नाही. ते स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात शोधावे लागते. तिथे सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या गावाला माणशी 280 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी 660 रुपये अशी मर्यादा आहे. दहा हजार वस्तीच्या गावाला 66 लाख. त्यात शोषखड्डे होतील, एखादे स्थिरीकरण तळे होईल, भुयारी गटार होणार नाही.

नगरपंचायतींची अडचण निराळी. खंडाळा आणि लोणंद गेल्या दशकात ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 मधून लहान शहरांना पाणीपुरवठ्याला पैसे मिळू शकतात, पण त्या योजनेतला मलनिस्सारणाचा भाग आधीच्या अमृतमधल्या पाचशे मोठ्या शहरांपुरता आहे. लाखाच्या आतल्या शहरांनी सांडपाण्यासाठी स्वच्छ भारत मिशन-नागरी 2.0 कडे जायचे. पाणी एका योजनेतून, मैला दुसऱ्या योजनेतून, रस्ता तिसऱ्या योजनेतून. तिन्हींची मंजुरी वेगवेगळ्या वर्षी, तिन्हींचा ठेकेदार वेगळा. मग एकच गल्ली तीनदा खोदली जाते आणि दुसऱ्या खोदाईत पहिलीचे काम फुटते. यात कोणी लबाडी केलेली नसते. प्रत्येकाने आपल्या फाईलपुरते नियमाने वागलेले असते आणि तरीही गावाचे नुकसान झालेले असते.

राहिला वित्त आयोग. पंधराव्या आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामीण संस्थांच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा बंधित ठेवला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. ग्रामपंचायतीच्या हातात थेट पडणारा हा सर्वांत भरवशाचा पैसा होता. एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाची पाच वर्षे सुरू होतात. 'आमचं गाव, आमचा विकास'चे नवे आराखडे त्याच्या आधारे होतील. त्या आराखड्यांत नळ्यांचा नकाशा हे पहिले काम म्हणून यावे. ग्रामपंचायतीला ते सुचत नाही, कारण नकाशाचे उद्घाटन होत नाही आणि त्याच्यावर फलक लागत नाही. आपल्या समितीकडून तसे पत्र गेले तर ते सुचेल.

हे जमणारे आहे, याचा पुरावा शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिले. नगरपंचायत नुकती झाली होती, तेव्हाची गोष्ट. जीवन प्राधिकरणाच्या मदतीने वितरणाचे जाळे नव्याने टाकले, प्रत्येक जोडाला मीटर बसवले, जास्त वापरणाऱ्याला चढता दर लावला. देशात लहान शहराने असे केल्याचे ते अगदी सुरुवातीचे उदाहरण आणि त्याचा राष्ट्रीय पातळीवर गौरव झाला. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असा समज आहे. नळीत सतत दाब असला की बाहेरची घाण आत शिरत नाही, हा त्यातला खरा लाभ. आणि मीटर असल्यामुळे कुठल्या टप्प्यात पाणी गायब होते ते कळते. लोकांनी पट्टी भरली, कारण पाणी मिळाले. आमच्याकडे उलटे चक्र आहे. पाणी धड येत नाही म्हणून पट्टी थकते, पट्टी थकते म्हणून वीजबिल थकते, पंप बंद पडतो. हे चक्र तोडायला पहिली भर सरकारी पैशाची लागेल. पण त्यापुढे चालवण्याचा खर्च आमच्या पाणीपट्टीतून निघायला हवा, हे मी या पत्रातून माझ्या शेजाऱ्यांनाही सांगते आहे.

दुसरे उदाहरण खंबाटकी उतरले की पलीकडे, वाईचे. भुयारी गटाराला कोट्यवधी रुपये लागतात, ते येईपर्यंत काय करायचे? वाई नगरपालिकेने 2018 मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या सहकार्याने शहरातल्या प्रत्येक मैल्याच्या टाकीचा ठराविक वेळापत्रकाने उपसा सुरू केला. टाकी भरून वाहू लागल्यावर गाडी बोलवायची नाही, साधारण तीन वर्षांनी पाळी येईल तेव्हा गाडी आपण होऊन दारात येईल. उपसलेला मैला ओढ्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात जातो. घरोघर थोडा स्वच्छता कर घेतला, त्यामुळे उपशाच्या दिवशी वेगळे पैसे मागितले जात नाहीत. कंत्राटदाराला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. शिरवळ, लोणंद आणि खंडाळा या तिघांना मिळून असे एक केंद्र उभारता येईल, गाड्याही सामाईक ठेवता येतील. एकेकट्या संस्थेला हे झेपणार नाही. तिघांना एकत्र बसवण्याचा अधिकार आपल्या समितीला आहे. वाईचे केंद्र काही काळ वापरू देण्याची विनंतीही आपण करू शकता.

आता पुन्हा खोदाईकडे येते. केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी जागा नोंदवायची, त्या जागेत ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना लगेच संदेश जातो, मग दोघांनी बोलून काम करायचे. अशा बेफिकीर खोदाईने देशाचे दरवर्षी सुमारे 3 हजार कोटींचे नुकसान होते, असे तेव्हा सरकारने सांगितले. त्याआधी 2022 च्या नियमांनी दूरसंचार वाहिन्यांच्या संरक्षणासाठी खोदाईची पूर्वसूचना देणे आणि नुकसान केल्यास भरपाई देणे बंधनकारक केले. अमेरिकेत हे काम 811 या एका फोनवर होते. फोन केला की वाहिन्यांचे मालक जमिनीवर रंगाने खुणा करून जातात, पाण्याला निळा, मलवाहिनीला हिरवा, विजेला लाल, गॅसला पिवळा, दूरसंचारला नारिंगी. लहान मुलालाही कळेल अशी पद्धत.

आपल्याकडे नियम आले, ॲप आले. पण या व्यवस्थेत केबलची बाजू बळकट आहे, कारण केबलच्या मालकाकडे नकाशा आहे आणि मिनिटामिनिटाच्या नुकसानीचा हिशेब आहे. ग्रामपंचायतीच्या नळीचा नकाशाच नसेल तर ती ॲपवर दिसणार कशी? नोटीस कोणाला जाणार? जिचा नकाशा आहे तिला संरक्षण मिळते, जिचा नाही ती फुटते. आणि जी फुटते तिच्यातून माणसे पाणी पितात.

जुनी मलवाहिनी दुर्लक्षित राहिली तर काय होते, हे जपानसारख्या देशानेही नुकतेच पाहिले. 28 जानेवारी 2025 रोजी टोकियोजवळच्या याशिओ शहरात भर चौकात रस्ता खचला आणि एक मालमोटार चालकासह आत गेली. खालची मलवाहिनी गंजून माती वाहून गेली होती. सुमारे 12 लाख लोकांना आंघोळ आणि कपडे धुणे कमी करा अशी विनंती करावी लागली. चालकाचा जीव गेला. त्या देशाकडे नकाशे होते, निरीक्षक होते, तरी हे घडले. आपल्याकडे नकाशाही नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होणाऱ्या कोणत्याही रस्त्याच्या प्रस्तावाला, मग तो गावांतर्गत काँक्रीटचा शंभर मीटरचा तुकडा का असेना, खालच्या वाहिन्यांचा नकाशा जोडलेला असल्याशिवाय प्रशासकीय मान्यता देऊ नये. नकाशा नसेल तर तो करण्याचा खर्च त्याच प्रस्तावात धरावा. रस्ता झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना पुढच्या जोडांसाठी आडव्या रिकाम्या नळ्या टाकून ठेवाव्यात, म्हणजे नवे घर आले की काँक्रीट फोडावे लागणार नाही. हा खर्च फार नाही आणि आमच्या गावांत काँक्रीट फोडल्याचे ओरखडे जिकडेतिकडे आहेत.

खोदाईच्या परवानगीत नळीच्या मालकाची सही अनिवार्य करावी. अनामत रकमेचा एक भाग रस्त्यासाठी आणि एक भाग नळीसाठी वेगळा ठेवावा आणि नळी फुटल्यास तो ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला थेट मिळावा, विभागाच्या मार्गाने फिरत नव्हे. नवी नळी टाकताना वर एक फूट अंतरावर इशाऱ्याची रंगीत पट्टी पुरावी, प्लास्टिकच्या नळीबरोबर तांब्याची तार सोडावी, म्हणजे पुढे यंत्राने तिचा माग काढता येतो, आणि वळणावर, व्हॉल्व्हवर, रस्ता ओलांडण्याच्या जागी खूणदगड रोवावा. चर बुजवण्याआधी काढलेला स्थळदर्शक फोटो जोडल्याशिवाय ठेकेदाराचे अंतिम बिल निघू नये. बिलाची वाट पाहणाऱ्या ठेकेदारालाही हे सोयीचेच आहे, कारण मग काम झाले की नाही यावरून वाद होत नाही.

आणि पाण्याची नवी योजना मंजूर करताना त्याच बैठकीत तिच्या सांडपाण्याची योजनाही समोर ठेवावी. पैसे दोन खात्यांतून येऊ देत, पण चर एकदाच खोदला जावा.

या सगळ्याची सुरुवात करायला नवे धोरण लागत नाही. नावीन्यपूर्ण योजनांसाठी समिती दरवर्षी काही रक्कम राखून ठेवते. त्यातून शिरवळ, लोणंद आणि खंडाळा या तीन ठिकाणांचा भूमिगत वाहिन्यांचा नकाशा एका वर्षात करून घ्यावा. जीपीएस यंत्र, काही ठिकाणी जमिनीखाली पाहणारे रडार आणि बरोबर पाणी सोडणारे जुने कर्मचारी. कराड आणि साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे प्रकल्प म्हणून देता येईल. तयार झालेला नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, ॲपवर चढवावा आणि दर खोदाईनंतर तो सुधारण्याची जबाबदारी एका नेमक्या कर्मचाऱ्याच्या नावाने लिहून द्यावी. तालुक्यातल्या इतर गावांनी तोच नमुना पुढच्या वर्षी घ्यावा.

याच तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला. 1868 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला आणि 1897 मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मरण आले. दरवर्षी 3 जानेवारीला राज्यातले मोठे नेते नायगावला येतात, आपणही येता. येत्या 3 जानेवारीपर्यंत निदान नायगावच्या प्रत्येक घरापर्यंत जाणारी नळी आणि तिथून निघणारे गटार यांचा नकाशा पूर्ण झालेला असावा आणि तो त्या दिवशी आपल्या हस्ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात दाखल व्हावा, अशी माझी विनंती आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. चर्चेला बोलावल्यास तालुक्यातले पाणी सोडणारे कर्मचारी आणि मी अवश्य येऊ. त्यांना त्या दिवसाची रजा आणि प्रवासखर्च मिळेल, एवढी व्यवस्था मात्र आपण करावी.

आपली नम्र,
खंडाळा तालुक्यातील एक नळजोडणीधारक